जनाकाकाच्या घड्याळाची कडी

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत लेथ होता आणि मागच्या खोलीत चूल. मधल्या जागेत आम्ही माणसं मावायचो. बाबा लाँचच्या आणि मच्छीमारी होड्यांच्या शाफ्टची, त्यांवर बसणाऱ्या पितळी बुशांची कामं करायचे. सकाळी मांडव्याच्या जेट्टीवरून पहिल्या लाँचचा भोंगा वाजायचा आणि पाठोपाठ आमच्या लेथचा पट्टा फिरू लागायचा. त्या घरघरीत आमची बोलणी, भांडणं, अभ्यास सगळं चालायचं, म्हणून आमच्या घरातली माणसं आजही फोनवर ओरडून बोलतात. पितळेचा कीस घरभर उडायचा. केसात सापडायचा, अंथरुणात सापडायचा, एकदा तर सुकटीच्या चटणीत सापडला. बाबांनी तो बोटाच्या टोकावर घेऊन आईला दाखवला, तर आई चुलीपुढून हलली नाही. म्हणाली, "आधी तुमच्या खोलीचा दार लावा, मंग माझ्या चटनीला नावा ठेवा." बाबांनी कीस पुसला आणि भाकरी पुढे ओढली. त्यांच्या संसाराचं सूत्र तेवढंच होतं आणि ते उत्तम चाललं.

मी तेव्हा आयटीआयमधून टर्नरचं, म्हणजे लेथचंच काम शिकून नुकतीच घरी आले होते. वर्गात मुली अशा आम्ही मोजक्याच. गावात लोक बाबांना विचारायचे, "पोरीला लेथवर बसवनार काय?" बाबा म्हणायचे, "लेथला काय कळतंय कोन बसलाय ते." बाबा दिवसाकाठी चार वाक्यं बोलत. त्यातलं एक माझ्या वाट्याला आलं याचा मला फार अभिमान वाटायचा, आणि अभिमान वाटला की मी दिवसभर कुणालाही कसलंही शिकवत सुटायचे. ती खोड अजून गेलेली नाही, हे माझी मुलं सांगतील.

घरातलं खरं बोलकं माणूस म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, जनाकाका. तो लाँचवर खलाशी होता. प्रवाशांना हात देऊन उतरवायचा, बायकांच्या पाट्या उचलून धक्क्यावर ठेवायचा, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी ऐकवल्याशिवाय सोडायचा नाही. तरुणपणीच एकदा लाँच धक्क्याला लावताना दोरखंडाचा फास खुंट्याभोवती आवळला आणि काकाच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. मुळाशी सुपारीएवढा खुंट तेवढा राहिला. काम त्यानं सोडलं नाही. त्या हातानं तो आमच्यापेक्षा घट्ट गाठी मारायचा. पण धक्क्यावरून घरी आला, आणि त्यातही घरात कुणी परकं असलं, की तो हात रुमालात जायचा. लग्नाची बोलणी आधी दोन ठिकाणी होऊन मोडली होती. दोन्हीकडून निरोप आला तो अंगठ्याचाच. दुसऱ्या वेळी तर मुलीच्या मामानं आमच्या ओटीवर बसून, आमचेच पोहे खात सांगितलं होतं की पोरीच्या मनात तसं काही नाही पण लोक काय म्हणतील. त्यानंतर काकानं वर्ष-दीड वर्ष लग्नाचा विषय काढू दिला नाही.

म्हणून वैजयंतीचं स्थळ आलं तेव्हा आमच्या घरात न बोलता एक कट शिजला. ती मूळची आमच्याच पट्ट्यातली, पण नोकरीला माणगावला, एका खाजगी दवाखान्यात नर्स. मध्यस्थानं अंगठ्याचं सांगितलं नाही, आईनं विषय काढला नाही, बाबा तर बोलतच नसत. मुलगी बघायला गेलो तेव्हा काका रुमाल धरून बसला. चहा आला तो त्यानं डाव्या हातानं घेतला. वैजयंती सावळी, उंच, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. तिनं काकाला एकच प्रश्न विचारला, "लाँच हलत असली की मळमळत नाय का तुम्हाला?" काका म्हणाला, "मना जमिनीवर मळमळतंय." सगळे हसले आणि तिथेच ठरलं म्हणायला हरकत नाही. परतताना एसटीत काका इतका खुशीत होता की कंडक्टरशीही त्यानं सोयरिकीची बोलणी केली असती. आई मात्र खिडकीबाहेर बघत होती. उतरताना मला हळूच म्हणाली, "रुमाल किती दिवस पुरंल गं?"

साखरपुड्यात मुलीकडून नवऱ्या मुलाला घड्याळ आलं. वैजयंतीनं ते स्वतः आणलं होतं. डबी उघडली तेव्हा मांडवातली माणसं पुढे झुकली. असं घड्याळ आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. बशीएवढं नाही, पण बशीची आठवण यावी असं मोठं, जाड, चौकोनाकडे झुकलेलं गोल. काळी तबकडी, त्यावर मोठमोठे आकडे. आणि खरी गंमत होती ती बाजूला. चावीच्या भोवती अर्धचंद्रासारखी पोलादी कमान, दोन स्क्रूंनी अंगाला बसवलेली, आणि त्या कमानीत एक छोटी कडी. कडी मिटली की चावी दाबून आत बंद. उघडली की चावी मोकळी, मग ती फिरवून घड्याळाला रोजची चावी द्यायची. आमच्या गावात एवढा बंदोबस्त फक्त सोसायटीच्या तिजोरीला होता. काकानं ते मनगटावर चढवलं आणि आठ दिवस तो हात खाली सोडून चाललाच नाही.

लाँचवर तर त्याला विषयच मिळाला. कुणी वेळ विचारली नाही तरी तो सांगायचा. एक गोष्ट तेवढी माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ लागला नव्हता. कडी कायम उघडी असायची. मी विचारलं तर म्हणाला, "वारा लागला पायजे मशीनला." मी नवी टर्नर, मला हसू आलं. मी त्याला यंत्रशास्त्र समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कडी उघडीच ठेवली.

पुढे जे व्हायचं ते झालं. धक्क्यावर लाट उडाली, काकाचा हात कोपरापर्यंत भिजला, आणि दुपारी काचेच्या आत धुकं धरलं. संध्याकाळपर्यंत आकडे दिसेनासे झाले. आता इथं दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसानं घड्याळ उन्हात ठेवलं असतं, तांदळात पुरलं असतं. आमचा काका समुद्रावरचा. पाणी आत शिरतंय म्हणजे सांधा उघडा आहे, आणि सांधा उघडा असेल तर तो भरायचा, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. होडीच्या फळ्यांच्या फटीत कापसाची वात राळेत आणि तेलात भिजवून ठोकतात, तसं त्यानं घड्याळाचं केलं. देवाच्या निरांजनातली वात घेतली, राळ वितळवली, आणि सुईच्या टोकानं चावीच्या भोवती, कमानीच्या आत, नीट दाबून दाबून भरली. वरून तेलाचं बोट फिरवलं. काम इतकं सुबक केलं होतं की एखाद्या होडीला केलं असतं तर ती दहा पावसाळे गळली नसती. फक्त आतलं पाणी आतच राहिलं, चावी दगडासारखी बसली आणि घड्याळ थांबलं.

दुसऱ्या दिवशी काका लेथच्या खोलीत आला. बाबा शाफ्ट लावून उभे होते. काकानं घड्याळ पुढे धरलं. बाबांनी पट्टा थांबवला, घड्याळ उजेडात नेलं, वास घेतला. राळ! मग त्यांच्या खांद्यांना एक हिसका बसला, पुन्हा बसला, आणि माझे बाबा, चार वाक्यांचे बाबा, लेथला धरून खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसले. आई धावत आली, तिला वाटलं हात मशीनमध्ये गेला. तिला कळलं तेव्हा तीही बसली. काका आधी रुसला, मग त्यालाही आवरेना. आमच्या घरातला तो हशा मला आजही ऐकू येतो, लेथ बंद असल्यामुळे बहुतेक जास्तच मोठा वाटला असेल.

हसून झाल्यावर आई म्हणाली, "बस्ता बांधायला जायचंय ना सगल्यांनी? तवा ती बगंल हाताकडं." आणि हसू संपलं. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, दोन्हीकडची माणसं एकाच दुकानात बसून करतात. वैजयंती, तिची आई, तिचा भाऊ, सगळे येणार. मनगटावर घड्याळ नसलं तर विचारणार, असलं आणि बंद असलं तरी विचारणार. काकानं माझ्याकडे बघितलं. "निमे, तू शिकलीस ना ह्याच्यातला?" मी घड्याळाचं काहीच शिकले नव्हते. पण मी म्हटलं, "हो."

आधी मी अलिबागला बाजारपेठेतल्या एका घड्याळजीकडे गेले. म्हातारे गृहस्थ, डोळ्याला भिंग लावलेलं, ते न काढताच बोलायचे. त्यांनी राळेचा वास घेऊन माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी घाईघाईनं म्हटलं, "आमच्या काकानं केलंय." सुईनं टोकरून, पेट्रोलनं धुऊन त्यांनी चावी मोकळी केली, पाठ उघडली, आतलं मशीन सोडवून सुकवलं. मग सांगितलं, "बेटी, घड्याळ नकली आहे. म्हणजे चालतं चांगलं, मशीन मजबूत आहे. पण हे एका भारी घड्याळाची नक्कल आहे. ही कमान, ही कडी, सगळी शोभा." त्यांनी कडी मिटली आणि मला उजेडाकडे धरून दाखवली. कडी आणि चावी यांच्यामधून उजेडाची रेघ सरळ आरपार दिसत होती. कडीनं चावी दाबायला हवी तर ती नुसती शेजारी उभी होती, लग्नातल्या फोटोत उभ्या राहणाऱ्या दूरच्या पाहुण्यासारखी. "आतलं काम माझं, ते मी केलं," ते म्हणाले. "हे बाहेरचं लोखंडाचं काम. ते लेथवाल्याकडे न्या." मी म्हटलं, लेथवाली मीच आहे. त्यांनी पहिल्यांदा भिंग वर केलं आणि म्हणाले, "मग माझ्याकडे कशाला वेळ घालवतेस?"

नकली असल्याचं मी घरी फक्त बाबांना सांगितलं. आम्हा दोघांनाही वाटलं, बिचारीला दुकानदारानं फसवलं असणार, तिच्या कानावर कशाला घाला. आणि मग मी कामाला बसले. सांगते, आयुष्यात नंतर मी पुष्कळ कामं केली, आता माझ्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये केसाच्या जाडीवर बोलणारी मशीनं आहेत, पण ते दिवस वेगळेच होते. कमानीचे दोन स्क्रू सोडवले. कमानीचं बूड घड्याळाच्या अंगाला जिथं टेकतं तिथं ते थोडं कमी केलं की कमान आत सरकणार, तिच्याबरोबर कडी आत सरकणार, आणि कडीचं पोट चावीवर दाब धरणार. बोलायला सोपं आहे. खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर पसरला, त्यावर कमानीचं बूड ठेवून गोल गोल घासायची. जरा जास्त घासलं की कडी मिटायचीच नाही. एका बाजूनं जास्त घासलं की कमान तिरकी. घासायचं, बसवायचं, बघायचं, सोडवायचं. बाबा अधूनमधून मागे येऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, "पतंगाचा कागद घे." ते झालं त्या दिवसाचं वाक्य. मी पतंगाच्या कागदाची चिंचोळी पट्टी कडीखाली धरून कडी मिटली आणि पट्टी ओढली. सुळकन निघून आली. पुन्हा घासली. पट्टी अडखळत आली. पुन्हा घासली. शेवटी एकदा पट्टी ओढली तर ती टर्रकन फाटली आणि अर्धी कडीखाली राहिली. मी इतक्या जोरात ओरडले की आई पुन्हा धावत आली.

चावीच्या आत जुन्या लायटरमधली रबरी रिंग बसवली, कमान घट्ट केली आणि घड्याळ पाण्याच्या तांब्यात सोडलं. आम्ही सगळे तांब्याभोवती उकिडवे बसलो. एक बुडबुडा आला नाही. आईनं तांब्यात डोकावून त्या बुडालेल्या घड्याळाला नमस्कार केला, उगाच, सवयीनं. नकली घड्याळाची कडी आता खरी झाली होती. जेवायला त्या दिवशी जिताडा मासा होता. तो पाहुण्यासाठी राखून ठेवलेला, पण आईनं केला. कालवणाचा वास आणि माझा आनंद दोन्ही घरात मावत नव्हते.

काका कामावरून आला. मी कडी मिटून घड्याळ त्याच्या हातात दिलं. "उघड," मी म्हटलं. त्यानं घड्याळ डाव्या मनगटावर बांधलं, उजवा हात कडीपर्यंत नेला, आणि थांबला. तर्जनीनं ढकलून पाहिलं. बोट घसरलं. मधलं बोट लावून पाहिलं. मी म्हणत होते, "अरे जोर लाव, घट्टच केलीय ती." मग तो तोंड लावून दातानं कडी ओढायला गेला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती कडी उघडायला अंगठा लागतो. बोटानं आधार द्यायचा आणि अंगठ्यानं वर उचलायची. म्हणून ती कायम उघडी असायची. एकदा मिटली की त्याला ती उघडता येत नव्हती आणि रोज सकाळी कुणापुढे तरी मनगट धरावं लागलं असतं. वाऱ्याचं, मशीनचं सगळं थोतांड होतं, आणि मी शहाणी त्याला यंत्रशास्त्र शिकवत होते.

"सांगायचं ना काका," मी म्हटलं.

"काय सांगू?" तो म्हणाला. "आता घरात सांगिन. लगीन झाल्यावर रोज सकाली तिच्याफुडं हात धरू? तिना दिल्याला घड्याल, आन मनाच चावी देता येत नाय." मग, हात न झाकता, "तिला ठाव नाय, निमे. ठाव झाला म्हंजे ह्यो लगीनबी मोडंल." काका कधी असा बोलला नव्हता. मला रडू आलं आणि रागही आला, राग कुणाचा ते कळेना. मी कडीची पिन ठोकून कडी बाहेर काढली आणि म्हटलं, "बस इथं."

कडीला शेपटी लावायची हे मला लगेच सुचलं. कशी लावायची ते सुचेना. सरळ पट्टी लावून पाहिली तर काकाचं बोट पुन्हा घसरलं, आणि ती बाहीत अडकली ते वेगळंच. बोटं त्याची धड होती, पण पकड घ्यायला समोर अंगठा नव्हता. आणि मग माझ्या लक्षात आलं की जोर त्या खुंटात आहे. गाठी तो त्या खुंटानंच दाबून मारायचा. म्हणजे शेपटी बोटासाठी करायची नाही, खुंटासाठी करायची. मी मागच्या खोलीत गेले. आई भाकऱ्यांची उकड मळत होती. मी लिंबाएवढा गोळा उचलला. आई म्हणाली, "भूक लागली का?" मी काकाच्या खुंटाखाली तो गोळा धरला. "दाब," म्हटलं, "कडी उघडतोस असं समजून दाब." त्यानं दाबलं. उकडीत एक छोटी, तिरकी, गोल खळगी उमटली. मी ती हातात घेऊन नाचले. आई दारात उभी राहून म्हणाली, "आख्ख्या कोकनात पोरी उकडीच्या भाकऱ्या करतान, आमची घड्याल करते." पण तो गोळा सुकू नये म्हणून ओला फडका तिनंच आणून दिला.

बुशाच्या उरलेल्या पितळेतून मी ती खळगी कोरली. चमच्याच्या टोकाएवढी, एका बाजूला जरा कललेली. कडीच्या टोकाला बारीक भोक पाडून ती रिव्हेटनं बसवली, कडा काकाच्या बाहीत अडकणार नाहीत अशा गुळगुळीत केल्या. पोलादी घड्याळाला पिवळीधमक शेपटी. देखणी मुळीच नव्हती. काकानं खुंट खळगीत टेकवला आणि ढकलला. टक. कडी उघडली. तळहातानं दाबली. टक, मिटली. त्यानं ते इतक्या वेळा केलं की बाबांनी शेवटी लेथ सुरू केला. काकाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतका तो हसरा झाला होता.

पण बस्त्याच्या दिवशी सकाळी तो ओटीवर घड्याळ हातात घेऊन बसला. "ह्यो शेपूट कोनीबी बगंल," तो म्हणाला. "बगितला म्हंजे इचारनार." आईनं सांगितलं, नको घालूस, घरी विसरलो म्हण. मी म्हटलं, शेपटी काढून देते, दुकानापुरती. हे म्हणताना माझा जीव किती खालीवर झाला ते मलाच ठाऊक. काकानं चावी दिली, कडी मिटली, घड्याळ बांधलं. आणि दुसऱ्या हातात नेहमीचा रुमाल घेतला. घेतला खरा, पण वाटभर तो नुसता चुरगाळत राहिला.

कापडाचं दुकान म्हणजे पांढरीशुभ्र गादी, तक्के, आणि गुजराती शेठ. "आवो आवो, बसा, बेन तुमी हितं," करत त्यांनी दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसवली. साड्यांचे ढीग पडू लागले. आया साड्यांत बुडाल्या. वैजयंती एकीकडे साड्या बाजूला सारत होती आणि अधूनमधून काकाकडे बघत होती. नवऱ्या मुलाचं कापड निघालं. शेठनं तयार शर्ट काढले, काकाच्या अंगावर एक चढवून बघायला सांगितला. बाही सरकली आणि शेजारी बसलेल्या वैजयंतीच्या भावानं काकाचं मनगटच धरलं. मोकळ्या स्वभावाचा पोरगा, मनात काही नव्हतं त्याच्या. मोठ्यानं म्हणाला, "भावोजी, ह्या घड्याळाला शेपूट कसली फुटली?"

सगळी हसली. आमच्याकडची हसली नाहीत. आईनं घाईनं सुरुवात केली, "आमच्या पोरीला खोड हाय, दिसंल त्याला कायतरी चिकटवती..." मी मान खाली घातली, कारण तो दोष मी खुशाल अंगावर घ्यायला तयार होते. पण काकानं आईच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं. रुमाल खिशात टाकला. आणि उजवा हात, तळवा वर करून, त्या पांढऱ्या गादीवर सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

"मना आंगठा नाय," तो म्हणाला. "कडी उघडत नव्हती. पोरीना माझ्या हाताची करून दिली."

शेठच्या हातातली साडी अर्धवट उलगडलेली तशीच राहिली. वैजयंतीच्या आईनं तोंडाला पदर लावला. मला आठवतंय, मी काकाच्या हाताकडे बघत नव्हते, वैजयंतीकडे बघत होते, आणि मनात म्हणत होते, आता बोल, काय बोलायचं ते पटकन बोल. ती पुढे झाली, काकाचं डावं मनगट जवळ ओढलं, शेपटीवर बोट फिरवलं, कडी उघडली, मिटली.

"पहिल्या दिवशीच बघितलं मी," ती म्हणाली. "चहा डाव्या हातानं घेतलात तवाच. दिवसभर लोकांचे हात बघायचं तर काम माझं. म्हणून तर हे घेतलं. दुकानदार सांगत होता, ताई, नक्कल आहे, दुसरं बारीक देतो. मी म्हटलं नको, ह्याची चावी मोठी हाय, त्यांना दोन बोटांत फिरवता येईल. कडीचं मात्र माझ्या ध्यानात नाय आलं." आणि माझ्याकडे वळून, "ही तू केलीस? छान केलीस गं."

मी आणि बाबांनी तिच्यापासून जे लपवून ठेवलं होतं ते तिनं असं भर दुकानात सांगून टाकलं. बाबा माझ्याकडे बघून मिशीत हसत होते. आई सरळ रडायला लागली, तर वैजयंतीची आईही लागली, आणि दोघी एकमेकींना "उगी उगी" करू लागल्या. काका तसाच बसला होता, हात गादीवर, नव्या शर्टाचा गळा उघडा.

"उघडत नव्हती तर मला सांगायचं," वैजयंती म्हणाली, आता जरा रागानं. "आणखी काय काय सांगितलं नाय?"

काकानं विचार केला. खरोखर विचार केला, मोजून बघितल्यासारखा. "गल्याचा बटन," तो म्हणाला. "गल्याचा बटन मना लागत नाय."

ती गुडघ्यांवर उठली, दोन्ही घरच्या माणसांसमोर, आणि त्याच्या गळ्याचं बटण लावून दिलं. आता शेठही भानावर आले. धंद्याचं माणूस, गिऱ्हाइकाची अडचण दिसली की तोड काढणारच. त्यांनी मागच्या फळीवरून एक झब्बा ओढला. "अरे भाई, एमां शुं, त्यात काय एवढं, आपल्याकडे बिनबटनाचा पन हाय ने. डोक्यावरून घालायचा, झंझटच नाय. हा बांधू?"

"नको शेठ," वैजयंती म्हणाली. "बटणांचेच बांधा. सगळे."